बर्नडाउनची रेषा वर का गेली? स्कोपमधला बदल वेगळा काढून वाचायची पद्धत

मंगळवार सकाळ, ऐरोलीतलं ऑफिस, सव्वादहाचं स्टँडअप (टीमची रोजची छोटी बैठक). ट्रान्स-हार्बर लोकल उशिरा, त्यामुळे दोघं अजून स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत आणि तिथूनच फोनवर जोडलेले. स्क्रीनवर स्प्रिंटचा (ठरावीक दिवसांच्या कामाच्या फेरीचा) बर्नडाउन, म्हणजे रोज किती काम उरलं ते दाखवणारा आलेख. शुक्रवारी संध्याकाळी ३२ पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज) शिल्लक होते, सोमवारी संध्याकाळी ३५. डिलिव्हरी मॅनेजरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "काल टीम उलटी चालली का?"

कुणीच काही बोललं नाही. खरं तर सोमवारी ५ पॉइंटचं काम पूर्ण झालं होतं. पण त्याच दुपारी ८ पॉइंटची नवी स्टोरी, म्हणजे कामाचा एक तुकडा, स्प्रिंटमध्ये येऊन बसली. पाच गेले, आठ आले, रेषा तीनने वर. रेषेकडून याहून जास्त काही कळत नाही, कारण ती फक्त उरलेला आकडा दाखवते. आणि उत्तर द्यायची जबाबदारी माझी होती. त्या टीमचा स्क्रम मास्टर, म्हणजे टीमची कामाची पद्धत सांभाळणारा, मीच. माझ्याकडे सोमवारच्या वाढीची नोंदच नव्हती.

त्यानंतर आम्ही जी पद्धत बसवली ती इथे सविस्तर मांडतो. आकडे आमच्याच एका स्प्रिंटचे आहेत, समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केलेत. प्रॉडक्ट होतं हाउसिंग सोसायट्यांच्या हिशेबाचं: मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकी, पार्किंग.

आधी दुखणं नीट समजून घेऊ

नवी मुंबईकरांना हे धरणाच्या पातळीवरून चटकन कळेल. मोरबे धरण ८८ मीटरला भरतं. पावसाळ्यात रोज पातळीची बातमी येते. त्या एका आकड्यावरून पाऊस किती आला आणि शहराने किती उपसलं, हे वेगवेगळं सांगता येत नाही. पातळी तितकीच राहिली तर दोन अर्थ निघतात: एक तर पाऊसही नाही आणि उपसाही नाही, नाहीतर दोन्ही भरपूर. बर्नडाउनची सपाट रेषा तशीच असते. टीम बसून आहे, की दिवसाला पाच पॉइंट संपवते आहे आणि वरून पाच ओतले जाताहेत, हे चित्रावरून कळत नाही.

बर्नडाउन वाईट आहे असं मी म्हणत नाही. स्क्रम पद्धतीचे एक जनक केन श्वाबर यांनी २००० च्या सुमारास तो मांडला तेव्हा हेतू साधा होता: उरलेलं काम रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असावं. तेवढ्यापुरता तो आजही चांगला आहे. २०११ च्या आवृत्तीपासून स्क्रम गाइडने (स्क्रमच्या अधिकृत पुस्तिकेने) त्याची सक्ती काढून टाकली. २०२० च्या आवृत्तीत बर्नडाउन, बर्नअप, क्युम्युलेटिव्ह फ्लो हे सगळे आलेख प्रगतीच्या अंदाजाचे पर्याय म्हणून एका रांगेत येतात. घोळ होतो तो आपण त्याला "टीमचा वेग किती?" असं विचारतो तेव्हा. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तो बनलेलाच नाही.

पहिली पायरी: सुरुवातीचा आकडा गोठवा

प्लॅनिंग संपलं, सगळ्या स्टोऱ्यांना पॉइंट लागले, मगच स्प्रिंट सुरू करायचा. हे सांगायला कशाला हवं, असं वाटेल. पण जिरामध्ये (कामाची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) "स्टार्ट स्प्रिंट"चं बटण आधी दाबून पॉइंट नंतर भरणाऱ्या टीम मी कितीतरी पाहिल्यात. तसं केलं की नंतर भरलेला प्रत्येक पॉइंट जिराच्या लेखी स्कोप चेंज, म्हणजे ठरलेल्या एकूण कामातला बदल, ठरतो. चार्ट शून्याजवळ सुरू होतो, पहिल्या दुपारी डोंगर चढतो, आणि पुढचे दहा दिवस तो डोंगर कुणाला समजावून सांगण्यात जातात.

सुरू करताना एकूण पॉइंट, स्टोऱ्यांची यादी आणि स्प्रिंटचं उद्दिष्ट एका जागी लिहून ठेवा. आमचं उद्दिष्ट होतं: एका सोसायटीचं महिन्याचं बिल काढण्यापासून पावतीपर्यंत सगळं चालून दाखवायचं. एकूण ४० पॉइंट, १० कामाचे दिवस, बुधवारी सुरुवात. उद्दिष्ट लिहिल्याचा फायदा पुढे दिसेल. आम्हाला तो जरा उशिरा दिसला.

दुसरी पायरी: वाढ दिसली की तिची जात विचारा

शिल्लक आकडा वर जायची कारणं एकसारखी नसतात, आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. म्हणून आधी वर्गवारी.

एक, नवी मागणी. आमची सोमवारची स्टोरी ही: मेंटेनन्स बिलावर जीएसटी. सभासदाचा मेंटेनन्स दरमहा ७,५०० रुपयांच्या वर आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर, अशा दोन्ही अटी लागल्या तरच कर लावायचा. क्लायंटचा फोन पीओला (प्रॉडक्ट ओनर, काय बनवायचं ते ठरवणारे) आला, पीओ माझ्या डेस्कपाशी आले, "छोटंसंच आहे, दोन कंडिशन तर तपासायच्यात," आणि स्टोरी आत आली. छोटंसंच म्हणत आलेली स्टोरी आठ पॉइंटची निघाली.

दोन, उमगलेलं काम. बुधवारी थकबाकीच्या व्याजाची ३ पॉइंटची स्टोरी हातात घेतली. क्लायंटच्या उपविधींत सरळव्याज, वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के, एवढंच आम्ही वाचलं होतं. काम सुरू केल्यावर लक्षात आलं की सभासद अर्धी रक्कम दहा तारखेला आणि अर्धी पंचविसाला भरतात. म्हणजे प्रत्येक पावतीच्या तारखेपासून उरलेल्या मुद्दलावर व्याज नव्याने मोजायचं. तीनचे आठ झाले. कुणी नवं काही मागितलं नव्हतं. ही वाढ मागणीची नाही, समजुतीची. दोन्हींना एकाच रंगात रंगवलं तर पीओंवर उगाच ठपका येतो.

तीन, परत उघडलेलं काम. "डन" म्हणून बंद केलेली स्टोरी टेस्टिंगमधून परत आली की शिल्लक वाढते, पण स्कोप जागचा हलत नाही. पूर्ण झालेलं कमी होतं, इतकंच. हे वारंवार होत असेल तर चार्टकडे बघण्याआधी "डन"ची व्याख्या तपासा.

चार, सुरुवातीला बोर्डवर टाकायचं राहून गेलेलं काम. डेटा मायग्रेशनची (जुना डेटा नव्या प्रणालीत आणायची) स्क्रिप्ट सगळ्यांच्या डोक्यात असते, बोर्डवर मात्र पाचव्या दिवशी येते. याला नवी मागणी म्हणून खपवायचा मोह होतो. खपवू नका, पुढच्या प्लॅनिंगमध्ये हीच चूक पकडायची असते.

शिवाय काही काम आकडा वर नेत नाही, नुसतं रेषेला सपाट करतं. अनेक टीम प्रॉडक्शनमधल्या (ग्राहक वापरत असलेल्या सॉफ्टवेअरमधल्या) डिफेक्टला पॉइंट देत नाहीत. एखादा चिवट डिफेक्ट दोन माणसांचे दोन दिवस खातो आणि चार्टवर त्याचा मागमूस नसतो. पॉइंट द्या, किंवा क्षमतेतला काही भाग आधीच बाजूला ठेवा, दोन्ही चालतं. अर्धा प्रोजेक्ट एका पद्धतीने आणि अर्धा दुसऱ्या पद्धतीने केला तर मात्र मागच्या स्प्रिंटशी तुलना करायची सोय राहत नाही.

तिसरी पायरी: सात रकान्यांची वही

टूल कुठलंही असो, एक साधी शीट ठेवा. रोज संध्याकाळी पाच मिनिटं पुरतात. आमची त्या स्प्रिंटची शीट अशी:

| दिवस | पूर्ण | वाढ | घट | शिल्लक | आजवर पूर्ण | एकूण स्कोप |
|---|---|---|---|---|---|---|
| १ बुध | ० | ० | ० | ४० | ० | ४० |
| २ गुरु | ३ | ० | ० | ३७ | ३ | ४० |
| ३ शुक्र | ५ | ० | ० | ३२ | ८ | ४० |
| ४ सोम | ५ | ८ | ० | ३५ | १३ | ४८ |
| ५ मंगळ | ३ | ० | ० | ३२ | १६ | ४८ |
| ६ बुध | ६ | ५ | ० | ३१ | २२ | ५३ |
| ७ गुरु | ५ | ० | ० | २६ | २७ | ५३ |
| ८ शुक्र | २ | ० | ५ | १९ | २९ | ४८ |
| ९ सोम | ८ | ० | ० | ११ | ३७ | ४८ |
| १० मंगळ | ३ | ० | ० | ८ | ४० | ४८ |

पडताळा सोपा आहे: एकूण स्कोपमधून आजवर पूर्ण झालेलं वजा केलं की शिल्लक आली पाहिजे. नाही आली तर त्या दिवशी काहीतरी नोंदवायचं राहिलं. वाढ किंवा घट असलेल्या प्रत्येक दिवसापुढे एक ओळ लिहायची: कुठली स्टोरी, कोणी सांगितलं, चारपैकी कुठली जात, आणि तिच्या बदल्यात काय बाहेर गेलं. ही शेवटची जागा बहुतेक वेळा रिकामी राहते. ती तशीच रिकामी दिसू द्या.

जिरा वापरत असाल तर निम्मी माहिती तिथे आयती मिळते. बर्नडाउन चार्टच्या खाली एक तक्ता असतो. त्यात प्रत्येक घटना तारखेसकट येते, स्टोरी कधी आत आली, कधी बाहेर गेली, अंदाज किती होता आणि किती झाला. स्प्रिंट रिपोर्टमध्ये सुरुवातीनंतर आलेल्या स्टोऱ्यांपुढे तारांकन असतं. बहुतेक लोक वरचा आलेख बघून टॅब बंद करतात, खालच्या तक्त्यापर्यंत स्क्रोलच करत नाहीत. पण कोणी आणि का हे तिथेही नसतं, त्यासाठी आपली शीट हवीच.

चौथी पायरी: दोन रेषा काढा

शेवटचे दोन रकाने निवडा आणि लाइन चार्ट काढा. झाला तुमचा बर्नअप. खालची रेषा आजवर पूर्ण झालेल्या कामाची, वरची एकूण स्कोपची. दोन्हींमधलं अंतर म्हणजे शिल्लक. ज्यांना टूलमध्येच हवं त्यांच्यासाठी जिरात बर्नअप रिपोर्ट आहे, आणि अॅझ्युअर डेव्हऑप्स या दुसऱ्या टूलच्या बर्नडाउन विजेटमध्ये एकूण स्कोपची रेषा सेटिंगमधून चालू करता येते.

आता तोच स्प्रिंट पुन्हा वाचा. खालची रेषा एकदाही खाली आलेली नाही. टीम रोज पुढेच चालली आहे. वरची रेषा चौथ्या दिवशी एक पायरी चढते, सहाव्या दिवशी दुसरी, आठव्या दिवशी एक उतरते. "टीम उलटी चालली का?" हा प्रश्नच उरत नाही. त्याऐवजी "सोमवारची पायरी कोणाच्या निर्णयाने चढली?" हा प्रश्न समोर येतो, आणि तो विचारण्याजोगा आहे.

आठवा दिवस मात्र जरा थांबून बघा. बर्नडाउनवर त्या दिवशी रेषा २६ वरून १९ वर आली, तोवरच्या आठ दिवसांतली सगळ्यांत मोठी उतरण. मॅनेजर खूश झाले, त्या संध्याकाळी वडापावही आला. प्रत्यक्षात त्या दिवशी पूर्ण झालं होतं अवघं २ पॉइंटचं काम. बाकीचे ५ म्हणजे पार्किंग चार्ट छापायची स्टोरी आम्ही स्प्रिंटबाहेर काढली होती. वाढ लपली तर निदान आरडाओरडा होतो; घट लपली तर शाबासकी मिळते, म्हणून ती जास्त फसवी. वडापाव मीही खाल्ला.

शेवटचा हिशेबही बोलका आहे. ४० ने सुरुवात, ४० पूर्ण, तरी ८ शिल्लक. ते ८ म्हणजे तीच जीएसटीची स्टोरी, अर्धवट झालेली. आणि अर्धवट स्टोरीला शून्य.

पाचवी पायरी: आत येणाऱ्या स्टोरीला दारात अडवा

स्प्रिंट सुरू झाला की काहीही बदलायचं नाही, हा समज जुना आणि चुकीचा आहे. २०२० चं स्क्रम गाइड जपायला सांगतं ते उद्दिष्ट; त्याला धोका होईल असा बदल नको. स्कोप मात्र जसजसं कळत जाईल तसतसा पीओशी बोलून स्पष्ट करता येतो, पुन्हा ठरवता येतो.

म्हणून दारात विचारायचा पहिला प्रश्न: हे नसेल तर या स्प्रिंटचं उद्दिष्ट अडतं का? आम्ही ज्या सोसायटीचं बिल दाखवणार होतो तिचा मेंटेनन्स ७,५०० च्या बराच खाली होता. जीएसटी तिथे लागणारच नव्हता. म्हणजे ती स्टोरी निवांत पुढच्या स्प्रिंटमध्ये गेली असती. मी हा प्रश्न विचारला नाही, कारण पीओ समोर उभे होते, क्लायंट फोनवर होता आणि "नाही" म्हणण्यापेक्षा "बघतो" म्हणणं सोपं होतं.

उद्दिष्ट अडतच असेल तर दुसरा प्रश्न: बदल्यात काय काढू? हा त्याच मिनिटाला विचारायचा. आम्ही पार्किंग चार्ट काढला तो आठव्या दिवशी, नाक दाबल्यावर. सोमवारीच काढला असता तर ८ ऐवजी ३ ची पायरी चढली असती.

पीओंशी बोलताना शीट उघडून ठेवा आणि आवाज खाली ठेवा. "तुम्ही स्कोप वाढवलात" या वाक्याने भांडण सुरू होतं. "सर, वरची रेषा ४८ ला गेली, आपण दिवसाला ४ संपवतो, यातलं कुठलं मागे ठेवू?" या वाक्यावर मात्र निर्णय होतो.

सहावी पायरी: रिलीजचा हिशेब

एका स्प्रिंटमधली पायरी विसरता येते. रिलीजमध्ये, म्हणजे अनेक स्प्रिंट मिळून ग्राहकाला द्यायच्या आवृत्तीत, त्या पायऱ्या साठत जातात, आणि तारखेचा घोळ तिथेच होतो.

आधी एक बारकावा. स्प्रिंटमधून काढलेली स्टोरी रिलीजमधून गेली असं होत नाही. ती बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) परत जाऊन बसते. आमच्या स्प्रिंटचा स्कोप शेवटी ८ नेच वाढला होता, ८ अधिक ५ वजा ५. रिलीजचा स्कोप मात्र १३ ने वाढला, कारण पार्किंग चार्ट द्यायचाच होता. स्प्रिंटचे आकडे तसेच्या तसे रिलीजच्या चार्टवर नेले की इथे फसायला होतं.

आमचं रिलीज २४० पॉइंटचं, वेग स्प्रिंटला साधारण ४०, म्हणून ६ स्प्रिंटचा शब्द दिलेला. पहिल्या तीन स्प्रिंटमध्ये (वरचा स्प्रिंट यातला तिसरा) पूर्ण झालं ३८, ४२ आणि ४०, म्हणजे १२०. बरोबर अर्धं, टीमने आपलं काम चोख केलं होतं. पण त्याच काळात स्कोप वाढला १२, १७ आणि १३ ने, एकूण ४२. शिल्लक २४० वरून २१४, मग १८९, मग १६२.

नुसत्या बर्नडाउनवर दिसतं ते असं: तीन स्प्रिंटमध्ये ७८ उतरले, म्हणजे स्प्रिंटला २६. वरच्या बैठकीत कुणीतरी म्हणणारच, "चाळीस सांगितले होते, सव्वीसच होताहेत." त्यावर उपाय म्हणून आणखी दोन माणसं दिली जातात. पण वेग ४० च आहे. स्प्रिंटला सरासरी १४ वरून पडताहेत. माणसं वाढवून तो नळ बंद होत नाही.

यातून एक नव्हे, दोन तारखा काढायच्या. आजपासून एकही पॉइंट वाढला नाही तर १६२ भागिले ४०, चार स्प्रिंटच्या जरा वर, म्हणून पाच. वाढ अशीच चालू राहिली तर १६२ भागिले २६, सहाच्या वर, म्हणून सात. म्हणजे रिलीज सहाव्याऐवजी आठव्या ते दहाव्या स्प्रिंटला संपेल. दोन आठवड्यांचा स्प्रिंट धरला तर चार ते आठ आठवडे उशीर. या दोन तारखांमधले चार आठवडे टीमच्या हातात नाहीत. ते मागणी करणाऱ्यांच्या हातात आहेत.

बैठकीत दाखवायला मला स्क्रमवर पुस्तकं लिहिणारे माइक कोन यांचा खांबांचा चार्ट सगळ्यांत आवडतो. प्रत्येक स्प्रिंटला एक उभा खांब. काम पूर्ण झालं की खांबाचा माथा खाली येतो. अंदाज बदलला की माथाच वरखाली होतो. नवं काम आलं की खांबाचा पाया शून्याच्या खाली उतरतो. काम काढलं की पाया वर येतो. आमचा पहिला खांब ० ते २४०. पहिल्या स्प्रिंटनंतर माथा २०२, पाया उणे १२. दुसऱ्यानंतर माथा १६०, पाया उणे २९. तिसऱ्यात ४० पूर्ण झाल्याने माथा १२० वर यायला हवा होता, पण व्याजाच्या स्टोरीचे वाढलेले ५ धरून तो १२५ वर. आणि जीएसटीच्या ८ मुळे पाया उणे ३७ वर. १२५ अधिक ३७, बरोबर १६२.

गंमत अशी की मागणीतली वाढ आणि समजुतीतली वाढ इथे आपोआप वेगळ्या होतात, एक पायाशी आणि दुसरी माथ्याशी. शून्याची रेषा लाल काढा. मॅनेजर असोत की क्लायंट, त्या रेषेखाली उतरत चाललेल्या पायांकडे नजर जातेच, बोट दाखवावं लागत नाही.

किती वेळा बघायचं

स्प्रिंटची शीट रोज, पण तिच्यावर चर्चा वाढ किंवा घट झालेल्या दिवशीच. रिलीजचा चार्ट स्प्रिंट रिव्ह्यूला (स्प्रिंटच्या शेवटी काम दाखवायच्या बैठकीत), क्लायंट समोर असताना, दोन्ही तारखांसकट. एक-दोन पॉइंटच्या वाढीसाठी बैठक लावू नका. नुसती नोंद करा. पॉइंट हा शेवटी अंदाज आहे, तागडीत टाकलेलं सोनं नव्हे. आम्ही एका स्प्रिंटला ५ पॉइंटांपर्यंतची वाढ पीओंच्या अधिकारात ठेवली, त्यावर गेलं तर क्लायंटला तारखेसह कळवायचं ठरलं. तुमचा आकडा वेगळा असेल, पण तो रिलीज सुरू होण्याआधी ठरवा. मधेच ठरवायला गेलात तर तो कुणाच्या तरी विरुद्ध ठरवल्यासारखा वाटतो.

चौथ्या स्प्रिंटच्या रिव्ह्यूला आम्ही खांब दाखवले. क्लायंटकडचे गृहस्थ स्वतः एका सोसायटीचे खजिनदार, आकड्यांत मुरलेले. त्यांनी उणे ३७ कडे बघून विचारलं, "यात आमचं किती?" शीट उघडीच होती. ३७ पैकी ३० त्यांचे होते, प्रत्येक ओळीपुढे तारीख. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि यादीतल्या तीन ओळींवर तिथल्या तिथे काट मारली.